शुक, सारिका व चक्रवाक

गेल्या पौषांत एके दिवशीं पहांटे आम्ही सहकुटुंब नाशिकाहून नांदूरमध्यमेश्वरास गेलों. बरोबर पत्नी, चिरंजीव, सूनबाई व सहा वर्षांची नात इतकीं माणसें होतीं. प्रवास घरगुती, तेव्हां त्याची हकीगत या पृष्ठांत देण्याचें प्रयोजन काय, असें कोणी विचारील. प्रयोजन एवढेंच कीं, तीस-पस्तीस वर्षें जे श्लोक मी मुलांस शिकवीत आलों, त्यांतील कांहीं पक्षी मीं त्या दिवशीं प्रथमच डोळ्यांनीं पाहिले; आणि त्या दर्शनामुळें एक जुना शिलालेख व आमच्या घरांतील एक जुना अपराध, हीं दोन्ही मला नव्यानें वाचावीं लागलीं.

नांदूरमध्यमेश्वर हें गांव नाशिकापासून पूर्वेस सुमारें ४० किलोमीटरांवर, निफाड तालुक्यांत, गोदावरी व कादवा यांच्या संगमाजवळ आहे. विसाव्या शतकाच्या आरंभीं येथें कालव्यांसाठीं बंधारा घालण्यांत आला. बंधाऱ्यामागें वर्षानुवर्षें गाळ सांचत गेला, पाणी उथळ झालें, मध्यें लहान लहान बेटें तयार झालीं, त्यांवर पाणवनस्पति माजल्या. पाटबंधाऱ्याच्या दृष्टीनें जी हानि, तीच पक्ष्यांच्या दृष्टीनें समृद्धि ठरली. १९८६ सालीं सरकारनें येथें पक्षी अभयारण्य केलें. इराणांतील रामसर या गांवीं १९७१ सालीं पाणथळींच्या रक्षणार्थ जो आंतरराष्ट्रीय करार झाला, त्याच्या यादींत महाराष्ट्रांतील पहिलें स्थळ म्हणून याचा समावेश झाल्याचें २०२० सालीं जाहीर झालें.

आतां ग्रंथाकडे वळूं. अरण्यकांडाच्या पंधराव्या सर्गांत पर्णकुटीची जागा निवडतांना राम लक्ष्मणास पंचवटीजवळची गोदावरी दाखवितो. तिच्यावर हंस, कारंडव व चक्रवाक आहेत असें तेथें वर्णन आहे. हें स्थळ नाशिककरांस विशेष प्रिय असणें स्वाभाविक आहे. तथापि या तीन नांवांवरून, वाल्मीकीनें आमच्या नदीवरील पक्ष्यांची नोंद करून ठेविली, असें म्हणण्याची घाई संशोधकानें करूं नये. संस्कृत काव्यांत कोणतेंही रम्य जलस्थान आलें कीं त्याच्यामागून हंस-चक्रवाकही येतातच. तो कवींचा परिपाठ आहे, साक्षीदाराची जबानी नव्हे.

याच्या पुढचाच सोळावा सर्ग मात्र निराळ्या जातीचा वाटतो. त्यांत लक्ष्मणाच्या तोंडीं हेमंताचें वर्णन आहे. धुक्यानें झांकलेलीं रानें व जव-गव्हाचीं शेतें, सूर्योदयीं त्यांतून उठणारा क्रौंच-सारसांचा नाद, आणि थंड पाण्याच्या कांठीं नुसते बसून राहिलेले जलचर पक्षी. भित्रा मनुष्य रणांत शिरण्यास कचरतो, तसे हे पक्षी पाण्यांत शिरत नाहींत, असें तेथें म्हटलें आहे. वर्गांत शिकवितांना ही उपमा मीं नेहमीं केवळ उपमा म्हणूनच समजावून दिली. त्या सकाळीं आम्ही बंधाऱ्याशीं पोहोंचलों तेव्हां सूर्य नुकताच वर आला होता. पाण्यावर धुकें होतें, पलीकडे गव्हाचीं हिरवीं शेतें होतीं, आणि गाळाच्या उंचवट्यावर शेंदोनशें बदकें माना पंखांत खुपसून बसलीं होतीं. पाण्यांत एकही नव्हतें. ऊन तापल्यावर, नऊच्या सुमारास, तीं एकामागून एक पाण्यांत उतरलीं. एका सकाळच्या अनुभवावरून काव्याचें स्थळ वा काल ठरत नाहीं, हें मी जाणतों. परंतु पंधराव्या सर्गांतील पक्षी ऐकीव असूं शकतात. सोळाव्या सर्गांतील पक्षी कोणीतरी थंडींत कुडकुडत पाहिलेले आहेत, एवढें म्हणण्यास हरकत दिसत नाहीं.

चक्रवाकही दिसले. नारिंगी-बदामी अंग, फिकट डोकें, आणि उडतांना उघडणारे पांढरे-काळे पंख. अमरकोशांत याचींच कोक, चक्र, रथांग इत्यादि नांवें आहेत. आपल्याकडील बोलींत चकवा-चकवी म्हणतात. हा हिंवाळ्यांतला पाहुणा. त्याचीं घरटीं लडाख, तिबेट व त्यापलीकडील प्रदेशांत. रात्रीं या जोडप्याचा वियोग होतो हा कविसंकेत सर्वांस ठाऊक आहे. दिवसा तरी तीं जोडपीं एकमेकांपासून चार हातांपलीकडे जात नव्हतीं.

नातीनें दुर्बिणींतून बराच वेळ पाहून मला विचारिलें, "आजोबा, यांना नांवानें हांक मारली तर हे येतात का?" मीं नाहीं म्हणून सांगितलें. त्यावर ती म्हणाली, "मग नांवें कशाला ठेविलीं?" या प्रश्नाचें उत्तर मला तेथें देतां आलें नाहीं. परततांना गाडींत मात्र मला हांकेस ओ देणाऱ्या एका पक्ष्याची आठवण झाली, आणि तिच्या पाठोपाठ अशोकाच्या पांचव्या स्तंभलेखाची.

हा लेख अभिषेकानंतरच्या २६ व्या वर्षाचा, म्हणजे स्थूलमानानें ख्रिस्तपूर्व २४३ च्या सुमाराचा. दिल्ली-तोपरा, लौरिया-नंदनगढ, प्रयाग इत्यादि ठिकाणच्या स्तंभांवर तो आहे. आपल्या सोपाऱ्यास जे अशोकाचे अवशेष मिळाले ते शिलालेखांचे असल्यामुळें हा मजकूर आपल्या प्रांतांत नाहीं. ज्यांस मारूं नये अशा प्राण्यांची त्यांत यादी आहे. तिचीं पहिलीं पांच नांवें शुक, सारिका, अरुण, चक्रवाक व हंस. सारिकेचें तेथील 'सालिका' हें रूप वाचतांच आपल्या साळुंकीची आठवण होते. पहिलीं दोन नांवें माणसाच्या ओसरींत टांगल्या जाणाऱ्या पक्ष्यांचीं, आणि चक्रवाक व हंस हे नदीवरचे. जे हांकेस ओ देतात व जे देत नाहींत, त्या दोघांस एका आज्ञेनें अभय मिळालें. परंतु अभय कशापासून? वधापासून. पिंजऱ्याविषयीं तेथें अक्षर नाहीं. आणि त्याच लेखाच्या शेवटीं राजा सांगतो कीं, आजवर आपण पंचवीस वेळां बंदिवानांस मुक्त केलें. ते बंदिवान अर्थात् मनुष्य होते. तात्पर्य, न मारणें व न कोंडणें हे दोन निरनिराळे विचार आहेत. पहिला राजशासनांत आला म्हणजे दुसराही आलाच असें समजूं नये.

हा भेद पुढील वाङ्मयांतही स्पष्ट दिसतो. कामसूत्रांत नागरकाच्या घरीं पक्ष्यांचे पिंजरे आहेत, भोजनोत्तर शुक-सारिकांस बोलावयास शिकविणें हा त्याच्या दिनक्रमाचा भाग आहे, आणि चौसष्ट कलांत त्या विद्येची गणना आहे. मेघदूतांत यक्षपत्नी पिंजऱ्यांतील सारिकेस स्वामींची आठवण येते का म्हणून विचारते. रत्नावलींत पिंजऱ्यांतून सुटलेली सारिका नायिकेचें गुपित जसेंच्या तसें बोलून दाखविते. शुकसप्ततीचा तर सर्व भार एका पोपटाच्या जिभेवर आहे. तिचें जुनें मराठी रूपांतर रिचर्ड श्मिट यांनीं १८९७ सालीं लाइप्झिग येथें जर्मन भाषांतरासह छापिलें. या सर्व स्थळीं पिंजरा आहे, पण पक्षी त्यांत कसा आला हें कोणी सांगत नाहीं. तें सांगितलें बाणानें. कादंबरींतील वैशंपायन शुक ज्या जीर्ण शाल्मलीवर जन्मला, तें झाड बाणानें दंडकारण्यांत, म्हणजे आमच्या पंचवटीच्याच परिसरांत कल्पिलें आहे. म्हातारा शबर त्या झाडावर चढतो, ढोलींतून पिलें ओढून काढतो, माना मुरगाळून खालीं टाकतो. बाप पंखांखालीं पिलाला झांकून मरतो. पोपटाचीं पिलें शिशिर-वसंतांत झाडांच्या ढोलींतून काढण्याची रीत बाणानंतर तेराशें वर्षें तशीच चालत आली होती. कोंडणें हाही हिंसेचा प्रकार आहे ही जाणीव आपल्याकडे नव्हती असें नव्हे. तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायांत अहिंसाव्रताच्या अतिचारांत 'बंध' प्रथम सांगितला आहे. परंतु तें व्रत होतें, राजाची आज्ञा नव्हे.

आतां घरची हकीगत. १९६४ सालीं आमच्या आजोबांनीं नाशिकच्या बुधवारच्या बाजारांतून पंख कातरलेलें एक पोपटाचें पिलूं आणिलें. राघू हें त्याचें नांव. जात्यावरच्या ओव्यांत आई मुलाला राघू म्हणते आणि लेकीला मैना म्हणते. त्याच मायेनें तें घरांत वाढलें. ओसरीच्या तुळईला त्याचा पिंजरा टांगलेला असे. आजोबा पहांटे पिंजऱ्यावर पंचा टाकून, अंधारांत, एकच वाक्य वीस-पंचवीस वेळां म्हणत. डोळ्यांपुढें दुसरें कांहीं नसलें म्हणजे पक्षी आवाज नीट धरतो, अशी त्यांची पद्धत. रात्रीं भिजविलेली हरभऱ्याची डाळ व एक हिरवी मिरची हा त्याचा खुराक आजीकडे असे. तो पुष्कळ शब्द शिकला. पण त्याचें मुख्य वाक्य म्हणजे आजोबा रोज आजीला उठवितांना म्हणत तें: "उठा, पहांट झाली."

१९६८ सालीं आजोबा वारले. राघू रोज पहांटे तें वाक्य, हुबेहूब त्यांच्या आवाजांत, म्हणत राहिला. आजी त्या हांकेनें उठे.

पुढच्या चातुर्मासांत वडील रात्रीं ज्ञानेश्वरी वाचीत. सहाव्या अध्यायांत पोपट व नळी यांचा दृष्टांत आहे. नळीवर पोपट बसतो, त्याच्या भारानें ती उलटी फिरते, आणि आपण बांधले गेलों अशा भ्रमानें तो ती अधिकच घट्ट धरून लटकत राहतो. पारध्यानें त्यास बांधिलेलें नसतें. मी तेव्हां नऊ वर्षांचा होतों. मीं मनाशीं ठरविलें कीं आपला राघूही असाच भ्रमांत आहे. दार उघडलें कीं तो जाईल. दुसऱ्या दिवशीं दुपारीं मीं पिंजऱ्याचें दार उघडून ठेविलें. पहिल्या दिवशीं तो बाहेर आलाच नाहीं. दुसऱ्या दिवशीं पिंजऱ्यावर येऊन बसला. तिसऱ्या दिवशीं धडपडत अंगणांतल्या पिंपळावर गेला. त्याचे पंख केव्हांच पुन्हां वाढले होते, परंतु उडणें त्यास ठाऊक नव्हतें. दिवसभर कावळे त्याच्या भोंवतीं ओरडत होते, आणि फांदीवरून तो आमच्यापैकीं एकेकास नांवानें हांका मारीत होता. खालीं उतरण्याची विद्या त्याला येत नव्हती. संध्याकाळीं तो दिसेनासा झाला.

आजी मला कांहीं बोलली नाहीं. पुढें आठ-दहा दिवस ती रात्रीं मूठभर डाळ भिजवीत असे, आणि पहांटे हांक नसतांही वेळेवर उठून बसत असे. रिकामा पिंजरा तिच्या हयातींत तुळईवरून उतरला नाहीं.

ज्ञानेश्वरांचा दृष्टांत मीं चुकीच्या ठिकाणीं लावला होता. नळीवरचा पोपट रानांतला. त्याचें बंधन खोटें आणि पंख खरे. आमच्या राघूचें बंधन खरें होतें, आणि तें पिंजऱ्याच्या दारांत नसून ढोलींतून काढल्या दिवशींच पडलेलें होतें. दार उघडण्यानें तें सुटण्यासारखें नव्हतें. आजोबांनीं तरी अन्याय केला काय? तेव्हां पोपट बाळगणें गुन्हा नव्हता. इंग्रजी अमदानींतील १८८७ व १९१२ चे पक्ष्यांविषयींचे कायदे मुख्यतः ठराविक ऋतूंत धरण्या-मारण्याची बंदी करणारे. १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा झाला, १९९१ सालीं त्याची दुरुस्ती झाली, आणि रानांतला पोपट पकडणें हें शिकारीइतकेंच निषिद्ध ठरलें. सुके या शब्दानें आरंभ झालेली अशोकाची यादी दगडावर कोरली गेल्यापासून पिंजऱ्याचा प्रश्न शासनांत उतरण्यास बावीसशें वर्षांहून अधिक काळ लागला. ज्याला बोलावयास शिकविलें, ज्याच्यावर ओव्या रचल्या, त्याच्या बंदिवासाकडे आमचें लक्ष सर्वांत उशिरा गेलें. माया होती म्हणूनच तो बंदिवास दिसला नसावा.

संग्राहक बंधूंस एक विनंति आहे. आपल्या दफ्तरांतील घरखर्चाच्या वह्या, पत्रें व पोथ्यांचीं कोरीं पानें चाळतांना पोपट, मैना, पिंजरा, डाळ असा उल्लेख आढळल्यास तो क्षुल्लक म्हणून सोडूं नये. पक्षी कोठून आला, किती किंमतीस आला, कोणत्या महिन्यांत आला, काय बोलावयास शिकला, हें टिपून प्रसिद्ध करावें. काव्यांनीं पिंजऱ्यांतील पक्ष्याचें बोलणें जपून ठेविलें आहे. तो पिंजऱ्यांत कसा आला हें अशाच कागदांत सांपडेल.

नातीच्या प्रश्नाचें उत्तर मला घरीं आल्यावर सुचलें. नांवें हांक मारण्यासाठींच असतात असें नाहीं. ज्यांस आपण मारणार नाहीं व धरणार नाहीं त्यांची यादी करावयाची तर त्यासाठींही नांवें लागतात. हें मीं तिला सांगितलें. तें तिला पटलें कीं नाहीं कळलें नाहीं. तिनें वहींत चक्रवाकाचें चित्र काढून त्याखालीं नांव लिहावयास मात्र घेतलें होतें, आणि 'क्र' कसा काढावयाचा म्हणून ती मला विचारीत होती.