निरगुडीची धुरी: मावळातील डास आणि हिवतापाचा इतिहास

१/ पावसाळ्यात मावळातील भातखाचरे पाण्याने भरतात आणि दिवेलागणीला डास गोठ्यांत शिरतात. त्यांवरचा जुना उपाय गावातच उगवत असे: ओढ्याकाठची निरगुडी आणि पूर्वेकडील कोरड्या भागातील कडुनिंब.

२/ फुटक्या खापरात गोवरीचे निखारे घेऊन त्यांवर ओलसर पाला टाकीत. ओला पाला पेटत नाही, धुमसतो. त्यामुळे उग्र, दाट धूर निघतो. ही धुरी आधी गोठ्यात फिरे, मग पडवीत. शेतकऱ्याचे सारे भांडवल गोठ्यातच बांधलेले असे.

३/ डास श्वासातील कर्बवायू आणि अंगाचा वास यांच्या मागाने येतात. धुराने तो माग बिघडतो. पाल्यातील उडनशील तेलेही त्यांना नकोशी असतात. धुरीमागचे निरीक्षण अचूक होते.

४/ मात्र डास आणि हिवताप यांचा संबंध कोणालाच ठाऊक नव्हता. डॉक्टरही दूषित हवेलाच दोष देत. ‘मलेरिया’ या इटालियन शब्दाचा अर्थच ‘वाईट हवा’ असा आहे.

५/ याच अज्ञानाच्या काळात, १८५६ ते १८६३ दरम्यान, खंडाळ्याजवळ बोरघाटाचा रेल्वेमार्ग बांधला गेला. १८६१ मध्ये तेथे सुमारे ४२,००० मजूर राबत होते. पटकी आणि तापांनी हजारोंचा बळी घेतला.

६/ २० ऑगस्ट १८९७ रोजी सिकंदराबाद येथे रोनाल्ड रॉस यांना डासाच्या जठरात हिवतापाचे परजीवी आढळले. तेव्हा धुरीची मर्यादाही स्पष्ट झाली. धुराने डास मरत नाही, दूर जातो. निखारे विझले की परततो. हिवताप पसरवणारे डास तर रात्रभर चावतात. धुरीने संध्याकाळ सुसह्य होई, ताप टळण्याची हमी मिळत नसे. शिवाय बंद घरातला धूर बायकामुलांच्या छातीत साठे.

७/ १९५३ मध्ये राष्ट्रीय हिवताप नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला आणि गावोगाव डीडीटी फवारले गेले. १९६५ पर्यंत देशातील रुग्णसंख्या सुमारे एक लाखावर आली. पुढे डासांनी डीडीटी पचवले, यंत्रणाही सैलावली आणि १९७६ मध्ये आकडा ६४ लाखांवर गेला.

८/ दुकानातली डास-अगरबत्तीही मुळात वनस्पतीचाच धूर. शेवंतीच्या कुळातील पायरेथ्रम फुलांची भुकटी वापरून ती एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस जपानमध्ये तयार झाली. तिचा शोध लावणाऱ्याचे नाव नोंदले गेले. निखाऱ्यावर निरगुडी पहिल्यांदा टाकणाऱ्या हातांची नोंद कोणत्याही दप्तरात नाही.