तारेत ओवलेले घराणे

भारतात पोस्टकार्ड १ जुलै १८७९ रोजी सुरू झाले. किंमत पाव आणा, म्हणजे एक पैसा. बाळंतपण, पीकपाणी, दुखणे, सोयरीक, उसनवारी असे सारे त्यावर मावू लागले. आलेले कार्ड वाचून झाले की घरोघरी ते तारेला ओवून ठेवत. जुने खाली, नवे वर. वाडे पडले तशा या तारा रद्दीत आणि जुन्या बाजारात आल्या, आणि ज्यांचा त्या घराशी काहीही संबंध नाही अशांच्या हाती त्या घराची दोन-तीन पिढ्यांची हकिकत पडू लागली.

तारेवरची कार्डे ही आलेली पत्रे असतात. ज्या घराचा शोध घ्यायचा, त्याचा स्वतःचा आवाज त्यांत जवळजवळ नसतोच. समोरच्याच्या उत्तरावरून तो ताडावा लागतो.

काळ ठरवणे त्यामानाने सोपे. कार्ड टाकल्याचा आणि पोचल्याचा असे दोन शिक्के बहुधा असतात. ते पुसट असले तर छापील तिकिटावरचा चेहरा आणि दर पाहावा: १९२२ मध्ये पाव आण्याचा अर्धा आणा झाला, दशमान नाणी आल्यावर १९५७ मध्ये पाच नये पैसे. पिनकोड असेल तर कार्ड १५ ऑगस्ट १९७२ नंतरचे. मजकुरात पुष्कळदा फक्त मिती आणि शक असतो. शकात ७८ मिळवले की इसवी सन येतो, मात्र पौष ते फाल्गुनातल्या कार्डात जानेवारी उजाडला असेल तर ७९ मिळवावे लागतात. जुनी कार्डे मोडीत असतात, आणि घाईत लिहिलेली मोडी सरावलेल्या वाचकालाही दमवते.

खरा ऐवज मायन्यात असतो. ‘तीर्थरूप’ म्हटले की वडील किंवा घरातले तसेच कोणी वडीलधारे, ‘तीर्थस्वरूप’ म्हटले की बहुधा त्याच मानाचे पण बाहेरचे, ‘चि.’ म्हणजे धाकटे. ‘शि. सा. न. वि. वि.’ लिहिणारा लहान, ‘अनेक आशीर्वाद’ देणारा मोठा. पत्त्यावर स्वतःचे, वडिलांचे आणि आडनाव असे तिन्ही असल्याने एकेका कार्डातून दोन पिढ्या हाती लागतात. नातवाला आजोबांचे नाव ठेवण्याच्या चालीने मात्र घोटाळा होतो. तेच पूर्ण नाव एक पिढी सोडून पुन्हा भेटते. त्याहून फसवी हाकेची नावे. एकत्र कुटुंबात मुले बापालाही चुलत भावंडांचे ऐकून ‘काका’ किंवा ‘भाऊ’ म्हणत. अशा एका शब्दावर वंशवृक्षाची फांदी चढवू नये.

मृत्यूची कार्डे तारेवर क्वचितच सापडतात. अशुभ वार्तेच्या कार्डावर माथ्याला ‘श्री’ नसे, कोपरा फाडलेला असे, आणि वाचल्यावर ते घरात न ठेवता फाडून टाकत. त्यामुळे घराण्यातला सर्वांत महत्त्वाचा तपशीलच गळतो. तो मायन्यातून परत मिळतो. एकाच बाईचा उल्लेख एका वर्षी ‘सौ.’ आणि पुढे ‘गं. भा.’ असा आला, तर तिचा नवरा मधल्या काळात वारला. बाईचे माहेर शोधणे याहून कठीण, कारण लग्नात आडनावाबरोबर पाळण्यातले नावही बदलत असे. माहेरची माणसे कार्डात जुन्याच नावाने हाक मारतात, तेवढाच धागा.

पत्त्यांवरून घराण्याची पांगापांग दिसते. ‘मु. पो.’ कोकणातल्या गावाचे आणि पाठवणारा गिरणगावातल्या चाळीत, हे चित्र नेहमीचे. ग्वाल्हेर संस्थानाचा छाप मारलेले कार्ड तिकडे गेलेल्या नोकरदार शाखेकडे बोट दाखवते.

कार्डांतून जुळलेली नाती दप्तराशी ताडल्याशिवाय पक्की धरू नयेत. गाव एकदा कळले की तलाठ्याकडचे फेरफार पाहावेत. वारसनोंदीत मयताचे नाव आणि त्याचे वारस मिळतात. कोतवाल बुकात, म्हणजे गाव नमुना १४ मध्ये, जन्म-मृत्यूच्या नोंदी असतात, शाळेच्या जनरल रजिस्टरात जन्मतारीख. नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत यात्रेकरूंच्या नावांसोबत मागच्या पिढ्यांची नावेही असतात. घराण्याचा कुलवृत्तांत छापलेला असेल तर काम अर्धे होते, पण त्यात लेकीसुना बहुधा एका ओळीत आटोपलेल्या असतात. तिथे कार्डेच अधिक बोलकी ठरतात.

तिकिटांचे व्यापारी उठावदार शिक्क्यांची कार्डे निवडून बाकीची रद्दीत घालतात, आणि एकदा गठ्ठा फुटला की नाती पुन्हा जुळत नाहीत. अशी तार हाती आली तर आधी तिच्यावरचा क्रम टिपून घ्यावा, प्रत्येक कार्डाच्या दोन्ही बाजूंची छायाचित्रे काढावीत आणि मगच कार्डे उतरवावीत.