परक्या घरचं ताट

आमचं खुलताबाद हे मुक्कामाला आलेल्या माणसांचं गाव आहे. फक्त इथं मुक्कामाला आलेला माणूस सहसा परत जात नाही. चौदाव्या शतकात दिल्लीकडून सूफी संत आले, ते इथंच राहिले. हबसाणात जन्मलेला, बाजारात विकला गेलेला आणि बगदादला धन्याच्या घरी लिहावाचायला शिकलेला मलिक अंबर निजामशाहीचा कर्ता पुरुष झाला. १६२६ साली वारल्यावर त्यालाही इथंच जागा मिळाली. औरंगजेब १७०७ साली अहमदनगरपाशी वारला, त्यालाही इथंच आणलं. फार काय, आमचा भद्रा मारुतीसुद्धा उभा नाही, चांगला ऐसपैस निजलेला आहे.

अशा गावात जन्म काढल्यामुळे, आमची नात वर्षभरासाठी स्पेनला शिकायला जाणार आणि तिथं एका कुटुंबात राहणार हे ऐकल्यावर हिनं पहिला प्रश्न विचारला, "परत येईल ना?"

सलामांका हे ते गाव. तिथलं विद्यापीठ १२१८ साली स्थापन झालं. म्हणजे आमच्या शेजारी देवगिरीवर सिंघण यादव राज्य करीत होता, तेव्हा तिथली पोरं परीक्षेला घाबरत होती. ही माहिती मी मोठ्या उत्साहानं सांगितली. ही म्हणाली, "ते असू द्या. जेवायचं काय?"

जेवायचं खरोखरच अवघड निघालं. पहिल्याच आठवड्यात रात्री अडीच वाजता फोन वाजला. मी दचकून उठलो. नात म्हणाली, "आजोबा, सहज केला. आम्ही आता जेवायला बसतोय." तिथं रात्रीचे दहा वाजले होते! दुपारचं जेवण अडीच-तीनला, रात्रीचं दहाला. मधल्या वेळात पोटात कावळे नव्हे, गिधाडं ओरडतात. घरात अनवाणी फिरायचं नाही, सपाता घालायच्या. "स्वयंपाकघरात सुद्धा?" असं हिनं तीनदा विचारलं. त्या स्वयंपाकघरात ओट्यावर लाकडी घोडीत डुकराची अख्खी तंगडी अडकवलेली असते आणि सेन्योरा म्हणजे घरधनीण तिचे पातळ काप काढत असते, हे मात्र मी हिला सांगितलं नाही. हा लेख छापून आला की कळेलच.

बिचारीला तारलं ते बटाट्यानं. तिथं 'पतातास' म्हणतात. हा आपला शब्द नव्हे, पोर्तुगीजांनी आणून दिलेला. आणि मुळात तो स्पॅनिश लोकांनी कॅरिबियन बेटांवरून उचललेला. तिथं त्याचा अर्थ होता रताळं! उपासाच्या दृष्टीनं काही फरक नाही म्हणा. पाचशे वर्षं जगभर हिंडून आलेला तो शब्द आमच्या नातीच्या ताटात पडला आणि तिला घरचं माणूस भेटल्यासारखं झालं. जेवण झाल्यावर ती मंडळी तासभर तिथंच गप्पा मारत बसतात. त्याला 'सोब्रेमेसा' म्हणतात म्हणे. मी म्हटलं, यात काय मोठंसं? आपण हात वाळेपर्यंत बसतोच की!

परक्या घरच्या ताटावर शिकणं आपल्याला नवं नाही. मी स्वतः तेव्हाच्या औरंगाबादला वार लावून शिकलो. सात वार, सात घरं, सात चवी. शनिवारच्या काकू वाढताना कधी वर बघत नसत, त्यामुळे मी "नको" म्हणायच्या आत तिसरी भाकरी ताटात पडलेली असे. भूमिती केव्हाच विसरलो. कोणत्या घरी आमटीत गूळ होता, ते अजून पाठ आहे.

पण या विषयातली खरी अधिकारी व्यक्ती म्हणजे आनंदीबाई जोशी. एके दिवशी ही फारच हिरमुसली, म्हणून मी तिची गोष्ट काढली. अमेरिकेतल्या रोझेल गावच्या थिओडिशिया कार्पेंटर नावाच्या बाई १८८० साली दाताच्या डॉक्टरकडे नंबर लावून बसल्या होत्या. समोर मिशनऱ्यांचं एक मासिक पडलं होतं. त्यात गोपाळराव जोशांचा पत्रव्यवहार होता : बायकोला शिकवायचं आहे, मदत करा. बाईंनी घरी जाऊन थेट पत्रच लिहिलं. आपण दाताच्या दवाखान्यात नुसता गाल धरून बसतो! तीन वर्षं पत्रं चालली. मग ४ जून १८८३ ला अठरा वर्षांची आनंदी न्यूयॉर्कला उतरली, ती त्या कार्पेंटरबाईंच्या घरी. त्यांना ती मावशी म्हणे.

घर ख्रिस्ती, मांसाहारी. ही शाकाहारी, लुगड्यातली. पण मावशीनं तिला बदलायचा हट्ट धरला नाही. उलट एके दिवशी आनंदीनं आपला स्वयंपाक केला, अमेरिकन बायकांना लुगडी नेसवून जमिनीवर बसवलं आणि हातानं जेवायला लावलं. पुढे कॉलेजसाठी फिलाडेल्फियाला गेली, तेव्हा खोलीतली शेगडी अशी, की पेटवावी तर धूर, न पेटवावी तर थंडी. मावशीचं घर म्हणजे काय, ते तिथं कळलं असेल. प्रकृती ढासळत गेली, पण ११ मार्च १८८६ ला पोरगी डॉक्टर झाली!

मी विजयी मुद्रेनं हिच्याकडे पाहिलं. ही म्हणाली, "आणि परत आली का?"

"आली. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात."

"मग?"

मी चष्मा पुसायला घेतला. शेवटी सांगावंच लागलं. २६ फेब्रुवारी १८८७ ला पुण्यात गेली. क्षयानं. बावीस वर्षंही पुरी नव्हती. गोपाळरावांनी तिची रक्षा कार्पेंटरबाईंकडे पाठवली. त्यांनी ती पकिप्सीच्या दफनभूमीत, आपल्या घरच्या माणसांच्या जागेत ठेवली. तिथं तिच्या नावाचा दगड अजून आहे.

ही बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "म्हणजे तिथंही तिचं माणूस होतं." आणि उठून देवापाशी दिवा लावायला गेली. धीर द्यायला काढलेली गोष्ट अंगावर आली, असं वाटून मी गप्प बसलो.

जानेवारीत नातीला ताप भरला. आम्हांला कळलं ते उतरल्यावर. सेन्योरा दोन रात्री उशाशी बसून होती. तिनं लसूण, शिळा पाव आणि तिखट घालून सूप केलं. एरवी त्यात त्या तंगडीचे तुकडे टाकतात. हिच्यासाठी मुद्दाम वेगळ्या भांड्यात, तुकड्यांवाचून.

"लसूण आणि शिळा पाव?" ही फोन ओढून घेत म्हणाली, "म्हणजे आपला शिळ्या पोळीचा कुस्कराच की! बाई जाणती दिसते." मग जरा थांबून म्हणाली, "आणि हे बघ, त्या मावशीला विचार, मेतकूट चालेल का."

चालेल की नाही, हे अजून कळलेलं नाही. पण आत्ता घरभर डाळी भाजल्याचा वास सुटला आहे.