तळटीप १७ : महासभा भवनामागील नादुरुस्त रिव्हॉल्व्हर

१७. लाल किल्ल्यातील गांधीहत्येच्या खटल्यात माफीचा साक्षीदार दिगंबर बडगे याने दिलेल्या जबानीप्रमाणे, २० जानेवारी १९४८ रोजी दिल्लीच्या हिंदु महासभा भवनामागील रानात दोन रिव्हॉल्व्हरांची परीक्षा घेतली असता, आरोपी गोपाळ गोडसे याच्या हत्याराचे काडतुसांचे चक्र मोकळे होईना, आणि दुसऱ्यातून सहआरोपी शंकर किस्तय्याने झाडलेली गोळी समोरच्या झाडापर्यंतही पोचली नाही. दुहेरी क्रियेच्या रिव्हॉल्व्हरात चाप ओढताच चक्र एका घराने फिरते, घोडा मागे जातो आणि सुटून काडतुसावर आदळतो. म्हणून एखादे काडतूस फुसके निघाले तरी चाप पुन्हा ओढला की पुढचे हजर होते, आणि फौजेत व पोलिसांत या हत्याराची तारीफ झाली ती मुख्यतः याच गुणामुळे. परंतु चक्रच अडले तर चापही निरुपयोगी ठरतो. कारण घाण किंवा थिजलेले वंगण असेल, तर तेल पुरते. चक्र फिरविणारी खुंटी झिजून घर नळीसमोर नेमके येत नसेल, किंवा घोड्याची कमान मंदावली असेल, तर ते शस्त्रागारातील कसबी कारागिराचेच काम. गोपाळने तेलाची बाटली व चाकू मागवून दुरुस्ती आरंभिली (खडकीच्या लष्करी भांडारात तो नोकरीस होता खरा, पण ते मोटारींच्या सुट्या भागांचे!), तोच वनरक्षक आले. दुसऱ्या हत्याराच्या बाबतीत दोष यंत्राचा नसून बहुधा जुन्या, दमट दारूचा असावा. ३० जानेवारीस प्रत्यक्ष हत्येत वापरलेले बेरेटा मात्र रिव्हॉल्व्हर नव्हे, स्वयंभरणी पिस्तूल होते.