जलसा, प्रबोधनपर

गीत, संवाद, प्रहसन, पोवाडा व वाद्यसंगीत यांची सांगड घालून सामान्य जनांना त्यांच्या मानवी हक्कांची जाणीव करून देणारा महाराष्ट्रातील एक लोकरंगप्रकार. ‘जलसा’ हा शब्द मूळ अरबी असून त्याचा अर्थ बैठक वा सभा असा आहे. संगीताच्या मैफलीलाही मराठीत जलसा म्हणण्याचा प्रघात आहे. प्रस्तुत प्रकारात सभा आणि मैफल हे दोन्ही अर्थ एकत्र आलेले दिसतात. हक्कांपासून वंचित राहिलेल्यांनी स्वतःच रंगमंचावर उभे राहून आपले म्हणणे मांडणे, हे त्याचे व्यवच्छेदक लक्षण होय.

महात्मा जोतीराव फुले (१८२७–९०) यांनी २४ सप्टेंबर १८७३ रोजी पुणे येथे सत्यशोधक समाजाची स्थापना केली. समाजाचे विचार निरक्षर ग्रामीण जनतेपर्यंत पोहोचविण्यासाठी पुढे सत्यशोधकी जलसे निघाले. ओतूरचे भीमराव महामुनी हे या जलशांच्या आद्य प्रवर्तकांपैकी एक मानले जातात. जलशाचा साचा लोकांच्या परिचयाच्या तमाशाचाच होता. मात्र त्याचा आशय पालटण्यात आला. गणामध्ये गणपतीऐवजी निर्मिकाचे स्तवन येऊ लागले. गवळण आणि वग या भागांतून शिक्षण, सावकारी, अंधश्रद्धा व भिक्षुकशाही हे विषय हाताळले जाऊ लागले. शृंगारिक लावणीला अर्थातच त्यात स्थान उरले नाही.

याच परंपरेतून आंबेडकरी जलसा उदयास आला. महाडच्या चवदार तळ्याचा सत्याग्रह (२० मार्च १९२७) व नासिकच्या काळाराम मंदिराचा सत्याग्रह (प्रारंभ २ मार्च १९३०) यांमुळे अस्पृश्य मानल्या गेलेल्या समाजात जी जागृती निर्माण झाली, तिला जलशाने वाणी दिली. नासिक भागातील भीमराव कर्डक हे या जलशाचे एक प्रमुख शिल्पकार होत. खेड्यांतील वस्त्यांत आणि मुंबईच्या कामगार चाळींत हे प्रयोग होत असत. त्यांतील कलावंत बहुधा मोलमजुरी करणारे, स्वतः अस्पृश्यतेचे चटके सोसलेले असत. पाणवठा, मंदिर, शाळा, वेठबिगार, मृत जनावरांचे मांस खाण्याची रूढी असे रोजच्या जगण्यातील विषय प्रश्नोत्तरांतून रंगविले जात. त्यामुळे हक्क ही संकल्पना अमूर्त न राहता प्रेक्षकाला आपल्या घरची वाटू लागे. जलशाचा एक प्रयोग आपल्या अनेक सभांच्या तोडीचा आहे, असा अभिप्राय डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी दिल्याचे सांगितले जाते. कर्डक यांचा ‘आंबेडकरी जलसे : स्वरूप व कार्य’ हा ग्रंथ या विषयाच्या अभ्यासास उपयुक्त आहे, कारण जलशांच्या संहिता बव्हंशी मौखिक राहिल्या आणि कलावंतांबरोबरच लोप पावल्या.

पुढील काळात शाहीर अमर शेख (१९१६–६९) व अण्णाभाऊ साठे (१९२०–६९) यांच्या कलापथकाने कामगारांचे प्रश्न लोकनाट्यातून मांडले. वामनदादा कर्डक (१९२२–२००४) यांच्या गीतांनी आंबेडकरी विचार महाराष्ट्रभर नेला. विदर्भात जनजागृतीचे हे कार्य अन्य माध्यमांतूनही झाले. संत गाडगे महाराजांचे (१८७६–१९५६) कीर्तन आणि राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांचे (१९०९–६८) खंजिरीवरील भजन ही त्याची ठळक उदाहरणे होत. नागपूर येथे १४ ऑक्टोबर १९५६ रोजी झालेल्या धर्मांतरानंतर भीमगीते व बुद्धगीते यांच्या गायनाची प्रथा विदर्भाच्या गावोगावी रूढ झाली.

या प्रदेशातील यवतमाळ जिल्ह्यात विसाव्या शतकाच्या अखेरीस हक्कांच्या प्रश्नाने वेगळे रूप धारण केले. कोरडवाहू कापसावर अवलंबून असलेल्या या जिल्ह्यातील चिलगव्हाण गावच्या एका शेतकरी कुटुंबाने १९ मार्च १९८६ रोजी केलेल्या सामूहिक आत्महत्येकडे शेतकरी चळवळीत या शोकपर्वाचा प्रारंभ म्हणून पाहिले जाते. मागे राहिलेल्या स्त्रियांचे प्रश्न मात्र दीर्घकाळ दुर्लक्षित राहिले. शासकीय साहाय्यासाठी मृत्यू ‘पात्र’ ठरावा लागतो आणि त्याकरिता शेतजमीन व कर्ज यांची कागदपत्रे लागतात. जमीन सासऱ्याच्या नावे असल्यास विधवेची अडचण वाढते. सातबाऱ्यावर नाव, वारसा, मुलांचे शिक्षण आणि समाजातील मान हे तिच्या दृष्टीने मूलभूत हक्कांचेच प्रश्न ठरतात.

श्याम पेठकर लिखित व हरीश इथापे दिग्दर्शित ‘तेरवं’ या दीर्घांकाने हे प्रश्न रंगमंचावर आणले. त्याचे शीर्षक मृत्यूनंतरच्या तेराव्या दिवसाच्या विधीवरून आलेले आहे. आत्महत्या केलेल्या शेतकऱ्यांच्या पत्नींनी त्यात स्वतः भूमिका केल्या. त्यांपैकी यवतमाळ जिल्ह्यातील वैशाली येडे यांच्या हस्ते ११ जानेवारी २०१९ रोजी यवतमाळ येथे ९२ व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे उद्‌घाटन झाले. नियोजित उद्‌घाटक नयनतारा सहगल यांचे निमंत्रण मागे घेतले गेल्याने या संमेलनात अभिव्यक्तिस्वातंत्र्याचाही प्रश्न ऐरणीवर आला होता. ‘तेरवं’ला जलशाचा थेट वारस म्हणता येणार नाही, त्याची संहिता व्यावसायिक लेखकाची आहे. तथापि ज्याच्यावर अन्याय झाला त्यानेच तो लोकांसमोर सांगावा, हे जलशाचे सूत्र त्यात कायम आहे. शिवाय जलशात स्त्रियांच्या भूमिका बहुधा पुरुष करीत. येथे स्त्रिया स्वतः बोलत्या झाल्या.

मानवी हक्कांसाठी संगीताचा उपयोग जगात इतरत्रही झाला आहे. मानवी हक्कांच्या जागतिक जाहीरनाम्यास (१० डिसेंबर १९४८) ४० वर्षे झाल्यानिमित्त ॲम्नेस्टी इंटरनॅशनल या संघटनेसाठी १९८८ मध्ये नामवंत गायकांनी देशोदेशी २० कार्यक्रम केले; त्यांपैकी एक ३० सप्टेंबर रोजी नवी दिल्ली येथे झाला. तेथे कलावंताची कीर्ती विषयाच्या उपयोगी पडली. जलशातील कलावंतापाशी अशी कीर्ती नव्हती. त्याचा स्वानुभव हाच त्याच्या शब्दाचा आधार होता. जलशांमुळे पाणवठे व मंदिरे लगेच खुली झाली नाहीत, तसेच रंगमंचावरील निवेदनाने विधवांच्या नावे जमिनी झाल्या नाहीत. परंतु जे दैव म्हणून सोसले जात होते, तो अन्याय आहे व त्याची दाद मागता येते, ही समज रुजविण्याचे कार्य या प्रयोगांनी केले.