लकव्याचे डॉक्टर कसे घडले?

वाचकहो, आपल्या घरांत एक शब्द दबक्या आवाजात उच्चारला जातो. तो म्हणजे ‘लकवा’. कुणी ‘फालिज’ म्हणते, शेजारच्या घरी ‘अंगावरून वारं गेलं’ म्हणतात. नाव कोणतेही घ्या. काल रात्री हसतखेळत जेवलेला माणूस सकाळी एका अंगाने लुळा पडलेला असतो, हे चित्र आपण सर्वांनी पाहिले आहे. या एका आजारासाठी डॉक्टरांची स्वतंत्र शाखा जगात उभी राहिली. तिचा इतिहास थोडक्यात आपल्यापुढे ठेवीत आहे.

‘फालिज’ आणि ‘लकवा’ हे दोन्ही शब्द अरबी वैद्यकातून आपल्याकडे आले. ‘फालिज’च्या मूळ धातूचा अर्थच मुळी दोन भाग करणे. इ. स. १०३७ साली निधन पावलेले थोर हकीम इब्न सीना यांनी आपल्या ‘कानून’ या ग्रंथात या विकारांची चर्चा केली आहे. पुढे १६५८ साली स्वित्झर्लंडच्या योहान वेप्फर यांनी शवविच्छेदन करून अशा रोग्यांच्या मेंदूत रक्तस्राव झालेला दाखविला. १६६४ साली इंग्लंडच्या थॉमस विलिस यांनी मेंदूच्या तळाशी असलेले रक्तवाहिन्यांचे वर्तुळ वर्णिले. कारण हळूहळू उमगले. इलाज मात्र सापडला नाही. ‘नशिबाचा घाला’ म्हणून डॉक्टरही हात टेकीत.

हे चित्र बदलण्यास ज्यांनी हातभार लावला त्यांत कॅनडाचे डॉ. मिलर फिशर यांचे नाव अग्रभागी येते. दुसऱ्या महायुद्धात त्यांचे जहाज बुडाले आणि साडेतीन वर्षे त्यांना जर्मनीत युद्धकैदी म्हणून काढावी लागली. सुटकेनंतर ते पुन्हा अभ्यासाला लागले. मेंदूचा आजार म्हणून सारे मेंदूच तपासत होते. फिशर यांनी मानेतील मोठी रक्तवाहिनी तपासली. ती तुंबल्यानेही लकवा होतो, आणि त्याआधी कित्येकदा क्षणभर एका डोळ्यापुढे अंधारी येऊन इशारा मिळतो, हे त्यांनी १९५१ साली मांडले. १९५४ साली ते अमेरिकेत बोस्टनला गेले. तेथील मॅसॅच्युसेट्स जनरल रुग्णालयात तरुण डॉक्टर या एकाच आजाराचे शिक्षण घेण्यासाठी त्यांच्या हाताखाली राहू लागले. रोग्याच्या उशाशी बसावे, बारकाईने पाहावे, टिपून ठेवावे, ही तेथील शिस्त. ‘स्ट्रोक फेलोशिप’ या शिक्षणक्रमाची पाळेमुळे अशा जागी आहेत. २००५ साली अमेरिकेत या शाखेची स्वतंत्र परीक्षाही सुरू झाली.

आपला देश यात मागे होता असे समजू नका. मुंबईत जे. जे. रुग्णालयात डॉ. नोशीर वाडिया आणि के. ई. एम. मध्ये डॉ. एडी भरूचा यांनी मज्जाविकारशास्त्राच्या कित्येक पिढ्या घडविल्या. मुंबईचेच डॉ. प्र. म. दलाल व सहकाऱ्यांनी १९६५ साली लंडनच्या ‘लॅन्सेट’ या नामांकित नियतकालिकात एक निरीक्षण प्रसिद्ध केले : मेंदूच्या रक्तवाहिनीत अडकलेली गुठळी काही वेळा आपोआप विरघळते! गुठळी औषधाने विरघळविण्याचा उपचार अमेरिकेत अधिकृतपणे मान्य झाला तो १९९६ साली, म्हणजे त्यानंतर एकतीस वर्षांनी.

दरम्यान १९७१ साली लंडनमध्ये सी. टी. स्कॅन यंत्रावर पहिल्या रोग्याची तपासणी झाली होती. लकवा गुठळीने झाला की रक्तस्रावाने, हे आता जिवंत माणसात दिसू लागले. हा फरक जीवनमरणाचा आहे. गुठळीवरचे औषध रक्तस्रावात दिले तर घात होतो. ते साधारणपणे पहिल्या साडेचार तासांतच द्यावे लागते. आणि मोठी रक्तवाहिनी तुंबली असता उपचाराविना दर मिनिटाला मेंदूच्या सुमारे १९ लाख पेशी मरतात, असा हिशेब आहे. २०१५ साली नळीवाटे गुठळी ओढून काढण्याचा उपचारही मोठ्या चाचण्यांत सिद्ध झाला. मध्यरात्री, काही मिनिटांत, असा निर्णय घेणारा डॉक्टर केवळ पुस्तकाने तयार होत नाही. फेलोशिपच्या वर्षात तो हेच शिकतो : स्कॅन वाचणे, मानेतील रक्तवाहिन्या तपासणे, नातलगांना धोका समजावून सांगणे, आणि घड्याळाकडे लक्ष ठेवणे.

आता आपल्या विदर्भाकडे वळू. गडचिरोलीच्या ‘सर्च’ संस्थेने ८६ गावांत दोन वर्षे पाहणी केली. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात १५९९ मृत्यूंपैकी २२९ मृत्यू लकव्याने झालेले आढळले. इतके मृत्यू दुसऱ्या कोणत्याही एका कारणाने नव्हते. आणि त्यांतील बहुतेक माणसे घरीच गेली.

आपले तळेगाव तर नागपूर-अमरावती महामार्गावरचे गाव. वाहन मिळते, रस्ता आहे. वर्ध्याजवळ सेवाग्राम येथे १९६९ पासून वैद्यकीय महाविद्यालय आहे. तरीही मालिश, झाडफूक, ‘सकाळी बघू’ यांत अमोल तास निघून जातात. म्हणून पालकांनो, एवढे ध्यानात ठेवा : तोंड वाकडे झाले, हात लुळा पडला, बोबडी वळली, तर रोगी कधीपर्यंत ठीक होता ती वेळ लक्षात घ्या, १०८ क्रमांकाला फोन करा, आणि जेथे सी. टी. स्कॅन आहे तेथेच न्या.

विद्यार्थी मित्रांनो, आणि विशेषतः मुलींनो, ही वाट लांबची आहे हे लपवीत नाही. एम. बी. बी. एस. ची साडेपाच वर्षे, एम. डी. ची तीन, डी. एम. न्यूरॉलॉजीची तीन, आणि त्यापुढे फेलोशिप. ती आपल्या देशातही होते. तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा संस्थेत स्ट्रोकची फेलोशिप आहे. बारा-तेरा वर्षे घराने धीर धरावयाचा, लग्नाची व कमाईची घाई आवरावयाची, हे सोपे नाही. परंतु साडेतीन वर्षे कैदेत गमावूनही फिशर पुन्हा अभ्यासाला बसले, हे विसरू नका.

लकव्याला आपल्या पूर्वजांच्या भाषेने नाव दिले. त्यावर इलाज करणारा हात उद्या आपल्याच शाळेतून निघावा, ही आमची तमन्ना. तो तयार होईपर्यंत निदान घड्याळ पाहण्याची सवय तरी प्रत्येक घराने लावून घ्यावी.