लळिंगहून उतरलेले गाव

धुळे कोणी आखले, असे धुळ्यात कोणालाही विचारा. उत्तर ठरलेले आहे. पाच कंदिलाजवळच्या एका वयस्क दुकानदारांनी मला अहिराणीत ठणकावलेच, "हाई गाव विश्वेश्वरय्यानी आखेल शे, भाऊ." एकमेकींना समांतर गल्ल्या, त्यांना नावांऐवजी आकडे आणि सोबत सरळ जाणारा आग्रा रोड. इतके नेटके काम थोर इंजिनिअरशिवाय कोण करणार, हा त्यामागचा तर्क.

कथा गोड आहे, पण तारखा तिच्या बाजूने नाहीत. विश्वेश्वरय्या मुंबई सरकारच्या बांधकाम खात्यात लागले १८८४ साली. खानदेशचे गॅझेटियर छापले गेले १८८० साली. त्यात धुळ्याचे नवे आणि जुने असे दोन भाग सांगितलेले असून जुन्यातली घरे अस्ताव्यस्त असल्याचे म्हटले आहे. म्हणजे नव्याची आखणी तोवर होऊन गेली होती. तरुण विश्वेश्वरय्यांनी खानदेशात जे केले तेही काही लहान नव्हते. पांझरेच्या पाण्यासाठी त्यांनी नळाचा सायफन बसवला. त्या कामाचे श्रेय त्यांना पुरेसे आहे.

दुसरे नाव घेतले जाते कॅप्टन जॉन ब्रिग्जचे. ते जास्त खरे आहे, पण पुरते खरे नाही. माझे भांडण आहे ते इथे.

गल्ल्यांचा उलगडा गल्लीत होत नाही, त्यासाठी आधी लळिंगकडे पाहावे लागते. गावाच्या दक्षिणेला, आग्रा रस्त्याला खेटून उभा असलेला हा डोंगरी किल्ला फारुकी सुलतानांच्या काळापासून या खोऱ्यावर नजर ठेवून होता. धुळे हे त्याच्या हाताखालचे एक खेडे. होळकरांच्या स्वाऱ्या आणि १८०३ चा दुष्काळ यांनी ते पार ओस पडले. पुढल्याच वर्षी विंचूरकरांच्या पदरच्या बाळाजी बळवंत यांनी माणसे आणून ते पुन्हा वसवले. त्याबद्दल त्यांना इनाम जमिनी मिळाल्या. पुढे सोनगीर आणि लळिंग या दोन्ही मुलखांचा कारभार त्यांच्याकडे आला, आणि तो त्यांनी धुळ्यात बसून चालवला, थेट १८१८ पर्यंत. सत्ता डोंगरावरून नदीकाठी उतरली ती इंग्रज येण्याआधी, एका मराठी कारभाऱ्याच्या हातून.

ब्रिग्जने जिल्ह्याचे ठाणे म्हणून धुळे निवडले, तेव्हा ते रिकामे माळरान नव्हते. १८१९ ची मोजणी ४०१ घरे आणि २,५०९ माणसे सांगते. घरामागे सहा माणसे, म्हणजे नांदते गाव. एका बाजूला नदी, दुसऱ्या बाजूला बागायतीचा पाट आणि मध्ये कोंडलेली वस्ती, असे त्याचे रूप होते. ब्रिग्जने लांबून कारागीर आणवून कचेऱ्या बांधल्या, येणाऱ्यांना घरासाठी जागा कायमच्या बिनभाड्याने दिल्या, शिवाय बांधकामाला उचल दिली. व्यापाऱ्याला ओढून आणायची ही युक्ती लागू पडली. सरळ रस्त्यांमागे शोभेपेक्षा हा हिशोब मोठा असावा, असे मला वाटते.

जपानात किल्ल्याभोवती वसवलेल्या गावाला 'जोकामाची' म्हणतात. तिथले रस्ते मुद्दाम काटकोनात मोडलेले असत. शत्रूला वेशीतून किल्ला सरळ दिसू नये, त्याचा जोर वळणावळणावर मोडावा, हा हेतू. लोहारांची आळी, कापडवाल्यांची आळी अशी नावेही धंद्यांवरून पडत. नव्या धुळ्याला कुठला किल्ला राखायचा नव्हता. गाडी आली पाहिजे, माल उतरला पाहिजे, एवढेच.

खानदेशात किल्ल्याभोवतीचे गाव पाहायचे तर जळगाव जिल्ह्यात पारोळ्याला जावे. पन्नासेक घरांच्या खेड्याचे हरी सदाशिव दामोदर यांनी तटबंदीचे शहर केले आणि १७२७ मध्ये तिथे खंदकाचा भुईकोट बांधला. सत्तावनच्या उठावानंतर जहागीर जप्त झाली, किल्ला मोडला गेला. बाजार मात्र त्याला बिलगून राहिला.

धुळ्यात फिरताना क्रम उलटा ठेवावा, असे मी सांगेन. आधी आग्रा रोड आणि नंबरांच्या गल्ल्या. तिथे जुन्या लाकडी माड्या काँक्रीटच्या मधोमध अजून तग धरून आहेत, पण दर दिवाळीला एखादी कमी झालेली दिसते. वाटेत राजवाडे संशोधन मंडळ लागते. इतिहासाचार्य राजवाडे १९२६ च्या अखेरीस याच गावी वारले आणि त्यांनी जमवलेली कागदपत्रे इथे राहिली. ज्या गावात इतके जुने कागद जपले जातात, त्या गावाला स्वतःचा जन्म मात्र ऐकीव कथेवरून सांगावा लागतो.

मग जुन्या धुळ्यात शिरावे. इथे आकडे संपतात. बोळ नदीच्या आणि पाटाच्या कलाने वळतात, ओटे रस्त्यात येतात, दोन दुचाकी समोरासमोर आल्या तर एकीला मागे सरावे लागते. १८७२ च्या पुराने पांझरेकाठची शेकडो घरे नेली, तरी वस्ती हलली नाही. गावात ब्रिग्जचे नाव निघते, विश्वेश्वरय्यांचे तर निघतेच. या बोळांतून फिरताना बाळाजी बळवंतांचे नाव मी चार जणांना विचारले. एकाने विचार करून मला बाळाजीच्या देवळाची वाट दाखवली.